व्यावसायिक अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरचे प्राथमिक शिक्षण : साधनसामग्रीचा शोध आणि निवड

प्रास्ताविक

सामुदायिक महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण दरवर्षी अध्यापकांना एकच प्रश्न विचारतात : "सर, अ‍ॅनिमेशन शिकायचं आहे, सुरुवात कुठून करू?" प्रश्न विचारणारा विद्यार्थी बहुधा कला किंवा वाणिज्य शाखेचा असतो. त्याची चित्रकला बरी असते, घरी संगणक असतो किंवा नसतो, हातात मोबाइल मात्र असतोच. अध्यापक भाषेचा, इतिहासाचा किंवा वाणिज्याचा असल्यामुळे या प्रश्नाला नेमके उत्तर देणे त्याला अवघड जाते. मग विद्यार्थी दोनपैकी एक मार्ग धरतो. एकतर शहरातील एखाद्या खासगी केंद्रात मोठी फी भरून मोकळा होतो, नाहीतर इंटरनेटवर दिसेल ती चित्रफीत पाहू लागतो आणि महिन्याभरात कंटाळून सोडून देतो.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या विषयावरील पुस्तक किंवा सीडी मिळवण्यासाठी पुण्या-मुंबईला खेटे घालावे लागत. आज साधने उदंड आहेत आणि त्यातली बरीच विनामूल्य आहेत. तरीही नवशिक्याची अडचण संपलेली नाही. तिचे स्वरूप बदलले आहे. पूर्वीची अडचण अभावाची होती, आजची निवडीची आणि क्रमाची आहे. कोणते साधन आधी घ्यावे, कोणते नंतर, कोणते मुळीच घेऊ नये, हे सांगणारा कोणीतरी हवा असतो. हे काम अ‍ॅनिमेशन न येणारा अध्यापकही करू शकतो, आणि ते कसे करावे हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. 'सॉफ्टवेअर येणे' म्हणजे काय?

विद्यार्थ्यांची पहिली समजूत अशी असते की सॉफ्टवेअरची बटणे पाठ झाली की अ‍ॅनिमेशन आले. ही समजूत दूर करण्यासाठी एक साधे उदाहरण पुरेसे आहे.

चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे फ्रेम असतात. समजा विद्यार्थ्याने पडद्यावर एक चेंडू घेतला. पहिल्या फ्रेमवर तो वर ठेवला, तेराव्या फ्रेमवर जमिनीवर ठेवला आणि पंचविसाव्या फ्रेमवर पुन्हा वर नेला. या तीन ठिकाणांच्या नोंदींना कीफ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर स्वतः भरते. विद्यार्थी मोठ्या उत्साहाने ते चालवून पाहतो, तो काय, चेंडू पाण्यात बुडाल्यासारखा खाली येतो, जमिनीजवळ मंदावतो आणि फुग्यासारखा वर जातो. असे होण्याचे कारण म्हणजे बहुतेक सॉफ्टवेअर प्रत्येक कीफ्रेमजवळ गती आपोआप कमी करते. पुष्कळ हालचालींना ते शोभते, पडणाऱ्या चेंडूला शोभत नाही.

खरा चेंडू कसा पडतो? १२ फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात चेंडू सुमारे १.२२ मीटर खाली येतो. त्यातले पहिल्या ६ फ्रेममध्ये केवळ चौथाई अंतर, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर कापले जाते आणि उरलेले तीन चतुर्थांश अंतर नंतरच्या ६ फ्रेममध्ये. म्हणजे जमिनीला टेकण्याच्या क्षणी चेंडूचा वेग सर्वांत जास्त असतो. हे ज्याला समजले तो विद्यार्थी गतीच्या आलेखावर जातो, जमिनीच्या बिंदूशी असलेली गोल वळणाची रेषा टोकदार करतो, आणि चेंडूला वजन येते. बटण एकच दाबायचे असते; कोठे आणि का दाबायचे हे सॉफ्टवेअर सांगत नाही.

दादासाहेब फाळके यांनी १८९० च्या सुमारास बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले होते. पुढे १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप कसे वाढते हे एकेक चौकट टिपून दाखवले. ही छोटी फिल्म 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाते. त्या वेळी कोणतेही सॉफ्टवेअर नव्हते. कालाचे तुकडे पाडून ते पुन्हा जोडण्याची दृष्टी आणि चिकाटी मात्र होती. अ‍ॅनिमेशनचे मूळ तेच आहे. म्हणून साधनसामग्री शोधताना दोन वेगळ्या गोष्टी शोधायच्या आहेत हे विद्यार्थ्याला पहिल्या दिवशीच सांगावे : एक, गती आणि वजन पाहायला शिकवणारी साधने, दोन, सॉफ्टवेअर हाताळायला शिकवणारी साधने.

२. कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

हा प्रश्न नवशिक्याला फार मोठा वाटतो. त्याचे उत्तर देताना पुढील घटना लक्षात ठेवाव्यात. इंटरनेटवरील अ‍ॅनिमेशनसाठी एके काळी फ्लॅशचा बोलबाला होता. फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. सॉफ्टइमेज हे नामांकित त्रिमितीय सॉफ्टवेअर २००८ मध्ये ऑटोडेस्क कंपनीने विकत घेतले आणि २०१४ मध्ये त्याची पुढील आवृत्ती शेवटची असेल असे जाहीर केले. या सॉफ्टवेअरवर ज्यांनी केवळ बटणे पाठ केली होती त्यांना पुन्हा पाटी कोरी करावी लागली. ज्यांना वजन, वेळ आणि हालचाल कळत होती ते थोड्याच दिवसांत दुसऱ्या सॉफ्टवेअरवर रुळले. सॉफ्टवेअर बदलते, ही या क्षेत्रातील नित्याची गोष्ट आहे.

त्रिमितीय अ‍ॅनिमेशनसाठी मोठ्या स्टुडिओंमध्ये माया हे सॉफ्टवेअर दीर्घकाळ वापरात आहे. ते १९९८ मध्ये आले. आज ते ऑटोडेस्कचे असून त्यासाठी ठरावीक काळाचे शुल्क भरावे लागते. मात्र मान्यताप्राप्त संस्थांतील विद्यार्थी व अध्यापकांना पात्रतेची पडताळणी झाल्यावर ते एक वर्षासाठी विनामूल्य मिळते आणि पात्रता टिकून असेपर्यंत नूतनीकरणही करता येते. या शैक्षणिक परवान्यावर पैसे घेऊन काम करण्यास परवानगी नसते.

दुसरे सॉफ्टवेअर म्हणजे ब्लेंडर. नेदरलँड्समधील टोन रोझेंडाल यांनी ते घडवले. त्यांची कंपनी बंद पडल्यावर २००२ मध्ये वापरणाऱ्यांनीच सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याचा मूळ संकेत मुक्त करून घेतला. तेव्हापासून ते सर्वांना विनामूल्य आहे आणि त्यावर केलेले काम विकण्यासही मनाई नाही. 'फुकट ते हलके' अशी शंका पालक घेतात. त्यांना सांगण्यासारखे उदाहरण आहे : लॅटव्हियाचे दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांचा 'फ्लो' हा २०२४ चा चित्रपट ब्लेंडरमध्ये तयार झाला आणि मार्च २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले.

द्विमितीय कामासाठी टून बूम हार्मनी हे व्यावसायिक सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहे. ते सशुल्क आहे. विनामूल्य पर्यायांत क्रिता हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर २०१६ च्या ३.० आवृत्तीपासून अ‍ॅनिमेशनही करू देते. टून्झ हे जपानच्या स्टुडिओ घिब्लीने वापरलेले सॉफ्टवेअर २०१६ मध्ये ओपनटून्झ या नावाने मुक्त झाले. ब्लेंडरमध्येही ग्रीस पेन्सिल नावाची सोय असून तिने थेट हाताने चित्रे काढता येतात.

प्रस्तुत लेखकाची शिफारस अशी आहे : हाताने चित्र काढण्याची आवड असलेल्या विद्यार्थ्याने क्रितापासून आणि वस्तू घडवण्याची आवड असलेल्याने ब्लेंडरपासून सुरुवात करावी. निवड झाली की किमान सहा महिने सॉफ्टवेअर बदलू नये. नोकरीच्या ठिकाणी माया लागले तर ते तेव्हा शिकता येईल. पहिल्या वर्षी चोरीची प्रत वापरण्याची सवय मात्र लागू देऊ नये. तशा प्रतींबरोबर संगणकात विषाणू शिरतात, कायद्याची जबाबदारी संस्थेवर येते आणि प्रामाणिक पर्याय उपलब्ध असताना त्याची गरजही नाही.

३. आवृत्तीचा प्रश्न

नवशिक्याच्या निराशेचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी चर्चिले जाणारे कारण म्हणजे आवृत्तीचा मेळ नसणे. ब्लेंडरचेच पाहा. जुलै २०१९ मध्ये आलेल्या २.८० आवृत्तीत पडद्याची सारी मांडणी बदलली. आधी वस्तू निवडण्यासाठी माउसचे उजवे बटण दाबावे लागे, नंतर डावे आले. जुन्या चित्रफितीत शिक्षक स्पेसबार दाबून आज्ञा शोधतो. नव्या आवृत्तीत स्पेसबार दाबला की अ‍ॅनिमेशन चालू होते आणि शोधासाठी एफ-३ दाबावे लागते. जुन्या आवृत्तीतील अंतिम चित्र तयार करणारी यंत्रणा काढून टाकली गेली आणि तिच्या जागी ईव्ही ही नवी यंत्रणा आली. २०१५ ची चित्रफीत पाहून आजच्या आवृत्तीवर काम करणारा विद्यार्थी अडला, तर दोष त्याच्या बुद्धीचा नसतो. पण हे त्याला कोणी सांगितले नाही, तर तो "आपल्याला जमत नाही" असे म्हणून उठून जातो.

यावर उपाय सोपा आहे. ब्लेंडरच्या काही आवृत्त्यांना दोन वर्षे दुरुस्त्या मिळत राहतील अशी हमी दिलेली असते; अशी पहिली आवृत्ती २०२० मधील २.८३ ही होती. महाविद्यालयाने अभ्यासक्रमासाठी अशी एक दीर्घकालीन आवृत्ती ठरवावी, प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर तीच ठेवावी आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांच्या पहिल्या पानावर तिचा क्रमांक लिहून घ्यावा. पुढे कोणतीही चित्रफीत सुरू करण्यापूर्वी तो क्रमांक जुळवून पाहावा. जुन्या आवृत्त्या ब्लेंडरच्या अधिकृत संकेतस्थळावर जतन केलेल्या आहेत. त्यामुळे एखादी जुनी पण उत्तम मालिका वापरायचीच असेल, तर तिच्या आवृत्तीचे सॉफ्टवेअर वेगळे उतरवून घेता येते.

४. साधनांचे चार प्रकार

उपलब्ध साधनांचे चार गट पाडले म्हणजे निवड सुकर होते.

पहिला गट अधिकृत मार्गदर्शिकांचा. ब्लेंडर व क्रिता यांच्या सविस्तर मार्गदर्शिका त्यांच्या संकेतस्थळांवर आहेत. ब्लेंडरची मार्गदर्शिका उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही वाचता येते. मार्गदर्शिका कादंबरीसारखी वाचायची नसते. ती शब्दकोशासारखी वापरायची असते. फीरोज-उल-लुगात किंवा मोल्सवर्थ कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही, पण अडलेला शब्द तिथेच पाहतो. तसेच हे.

दुसरा गट चित्रफितींच्या मालिकांचा. ब्लेंडरसाठी अँड्र्यू प्राइस यांची डोनट तयार करण्याची मालिका जगभर नवशिक्यांमध्ये लोकप्रिय आहे आणि तिच्या नव्या आवृत्त्या निघत आल्या आहेत. तिच्यातून वस्तू घडवणे, रंग, प्रकाश व कॅमेरा यांची ओळख होते. मायासाठी ऑटोडेस्कची स्वतःची शिकवणी-वाहिनी आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरवरील सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत. पडद्याच्या एका बाजूला पाठ व दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर ठेवून शिकावे अशी त्यांची रचना असून अनेक पाठांना भारतीय भाषांतील ध्वनी जोडलेला आहे. त्यात ब्लेंडर व सिनफिग या दोन्हींच्या मालिका आहेत. ब्लेंडरची मालिका मात्र २.८० च्या आधीच्या आवृत्तीवर आधारलेली आहे, हे मागील परिच्छेदाच्या संदर्भात ध्यानात ठेवावे.

तिसरा गट तत्त्वांच्या ग्रंथांचा. डिस्नेचे ज्येष्ठ कलावंत फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मधील 'द इल्यूजन ऑफ लाइफ' या ग्रंथात अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वे मांडली. रिचर्ड विल्यम्स यांचे २००१ मधील 'द अ‍ॅनिमेटर्स सर्व्हायव्हल किट' हे चालणे, धावणे, वजन व वेळ यांवरील पुस्तक आजही व्यावसायिकांच्या टेबलावर असते. ही पुस्तके कोणत्याही सॉफ्टवेअरला बांधलेली नाहीत, म्हणून ती जुनी होत नाहीत. ग्रंथालयाच्या वार्षिक खरेदीत यांपैकी एक पुस्तक घेतले तरी अनेक तुकड्यांची सोय होते. याशिवाय खान अकादमी व पिक्सार यांनी २०१५ मध्ये सुरू केलेले 'पिक्सार इन अ बॉक्स' हे विनामूल्य पाठ आहेत. शाळेतले गणित अ‍ॅनिमेशनमध्ये कोठे लागते हे त्यांत दाखवले असल्यामुळे गणिताच्या अध्यापकांनाही ते रुचतील.

चौथा गट मुक्त चित्रपटांचा. ब्लेंडर फाउंडेशनने 'एलिफंट्स ड्रीम' (२००६), 'बिग बक बनी' (२००८), 'सिंटेल' (२०१०) असे लघुपट काढले आणि चित्रपटासोबत त्यांच्या मूळ कार्यफायलीही खुल्या केल्या. विद्यार्थी त्या फायली उघडून पात्राचा सांगाडा कसा बांधला, प्रकाश कोठून टाकला, हे प्रत्यक्ष पाहू शकतो. हातात घेऊन उलगडून पाहण्याची ही संधी पूर्वी स्टुडिओत नोकरी लागल्याशिवाय मिळत नसे. हालचालीचा सराव करण्यासाठी सांगाडा बसवलेली तयार पात्रेही ब्लेंडर स्टुडिओने विनामूल्य दिली आहेत. नवशिक्याने आपले पहिले पात्र स्वतः घडवण्याच्या फंदात न पडता ती घ्यावीत.

५. चित्रफीत पारखण्याच्या कसोट्या

अध्यापकाला विषय येत नसला तरी पुढील पाच प्रश्नांवरून तो चित्रफितीची पारख करू शकतो.

(अ) आवृत्तीचा क्रमांक सांगितला आहे काय?
(आ) दाबलेल्या कळा पडद्यावर दिसतात काय?
(इ) सरावासाठी फायली दिल्या आहेत काय?
(ई) शिक्षक 'हे दाबा' एवढेच सांगतो की 'हे का दाबायचे' हेही सांगतो?
(उ) मालिकेच्या शेवटी एखादे पूर्ण झालेले काम विद्यार्थ्याच्या हाती राहते काय?

पाचपैकी चार उत्तरे होकारार्थी असतील तर मालिका घ्यावी आणि ती संपेपर्यंत दुसरी उघडू नये. विहिरी दहा ठिकाणी दोन-दोन हात खणल्या तर पाणी लागत नाही. चित्रफीत एकदा नुसती पाहावी, दुसऱ्यांदा थांबवत थांबवत करावी आणि तिसऱ्यांदा ती बंद ठेवून तेच काम करून पाहावे. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि शिकणे तिथेच राहते.

अलीकडे विद्यार्थी अडले की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना विचारतात. संकल्पना समजून घेण्यासाठी त्यांचा उपयोग होतो, पण ती कधी दुसऱ्याच आवृत्तीतील मेनूचे नाव सांगतात, कधी नसलेले बटणही सांगतात. म्हणून मिळालेले उत्तर अधिकृत मार्गदर्शिकेत पडताळून पाहण्याची सवय लावावी.

६. भाषा आणि लिपीची अडचण

बेळगाव, गोवा, हैदराबाद किंवा इंदूर येथील आपले विद्यार्थी घरी एक, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलतात. अ‍ॅनिमेशनची बहुतेक साधने मात्र इंग्रजीत आहेत. येथे भाषेच्या अध्यापकाला खरे काम आहे. सॉफ्टवेअरमधील मेनूंची नावे भाषांतरित करू नयेत, कारण पडद्यावर ती इंग्रजीतच दिसतात. पण त्यांचा अर्थ आपल्या भाषेत द्यावा. 'रिग म्हणजे पात्राच्या आतला सांगाडा', 'टाइमलाइन म्हणजे फ्रेमची पट्टी', 'रेंडर म्हणजे संगणकाने अंतिम चित्र तयार करणे', अशी पन्नास शब्दांची मराठी व उर्दू पुस्तिका दोन अध्यापक एका सुट्टीत तयार करू शकतात. ब्लेंडरच्या मार्गदर्शिकेचा परवाना श्रेयनिर्देश करून व त्याच अटींवर भाषांतर करण्याची आणि वाटण्याची मुभा देतो. त्यामुळे निवडक प्रकरणांचा अनुवाद प्रसिद्ध करण्यास कायद्याची अडचण नाही. इतरांच्या चित्रफिती उतरवून वाटण्याबाबत मात्र ही मुभा गृहीत धरू नये.

लिपीची अडचण आणखी वेगळी आहे. विद्यार्थ्याला आपल्या लघुपटाचे नाव मराठीत किंवा उर्दूत द्यायचे असते. तो ब्लेंडरमध्ये मजकूर टाकतो, तर जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते आणि उर्दू अक्षरे एकमेकांना न जुळता उलट्या क्रमाने उभी राहतात. याचे कारण लिपीतील अक्षरे जोडण्याची व्यवस्था या मजकुरास पुरेशी मिळत नाही. त्यावर उपाय असा : इंकस्केप या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लिहावा. तेथे देवनागरी आणि नस्तालीक दोन्ही नीट उमटतात. नंतर 'ऑब्जेक्ट टू पाथ' ही आज्ञा देऊन मजकुराचे रेषाकृतीत रूपांतर करावे, एसव्हीजी प्रकारात जतन करावे आणि ती फाइल ब्लेंडरमध्ये आणावी. मजकूर युनिकोडमध्ये असणे मात्र आवश्यक आहे. जुन्या इनपेजमधील उर्दू किंवा जुन्या फाँटांतील मराठी मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

७. प्रयोगशाळेतील व्यवहार

ब्लेंडरच्या ४ क्रमांकाच्या मालिकेतील आवृत्त्यांसाठी किमान ८ जीबी रॅम अपेक्षित आहे आणि त्या विंडोज ७ वर चालत नाहीत. प्रयोगशाळेतील संगणक याहून जुने असतील तर क्रिता किंवा हलके पेन्सिल टू-डी वापरून हाताच्या अ‍ॅनिमेशनने सुरुवात करावी. संगणक मुळीच नसेल तर वहीच्या कोपऱ्यात चित्रे काढून पाने भराभर उलटण्याचा जुना खेळही पहिल्या दोन आठवड्यांस पुरतो.

रेंडरचा हिशेब विद्यार्थ्यांना आधीच करायला लावावा. १० सेकंदांच्या दृश्यात २४० फ्रेम. एका फ्रेमला २ मिनिटे लागली तर एकूण ४८० मिनिटे, म्हणजे ८ तास. तेच काम दहा संगणकांवर वाटले तर सुमारे ४८ मिनिटांत होते. रेंडर करताना थेट चित्रफीत न बनवता प्रत्येक फ्रेमचे वेगळे चित्र जतन करावे. वीज गेली तर झालेल्या फ्रेम शाबूत राहतात आणि पुढच्या फ्रेमपासून काम सुरू करता येते. ज्या गावात दुपारी वीज जाते तेथे ही एक सूचना विद्यार्थ्याचा आठवडा वाचवते.

८. फी भरण्यापूर्वी

या विषयाची दुसरी बाजू पैशाची आहे. माझ्या माहितीतील एका विद्यार्थिनीच्या वडिलांची लहानशी बेकरी होती. त्यांनी एका खासगी केंद्रात तिच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाची फी हप्त्यांनी भरली. वर्षाअखेरीस तिला प्रमाणपत्र मिळाले. पण एका स्टुडिओत मुलाखतीस गेल्यावर प्रमाणपत्र कोणी पाहिले नाही. तिच्या कामाची चित्रफीत मागितली गेली. तिच्याकडे तीन सराव होते आणि ते वर्गातील सर्वांचे सारखेच होते. पुढे आठ महिने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बसून तिने वीस सेकंदांचे एक काम स्वतः पूर्ण केले : एक म्हातारा सायकलवर पिशव्या लादून चढ चढतो आहे. तिला पहिले काम मिळाले ते या वीस सेकंदांवर.

सर्वच खासगी केंद्रे वाईट असतात असे नव्हे. चांगला उस्ताद मिळाला तर वर्षांचे काम महिन्यांत होते, कारण चूक कोठे आहे हे तो लगेच दाखवतो आणि चित्रफीत ते दाखवू शकत नाही. परंतु फी भरण्यापूर्वी पालकांनी काही प्रश्न विचारावेत, आणि गरज पडल्यास अध्यापकाने सोबत जावे. मागील तुकडीतील विद्यार्थ्यांची कामे दाखवाल काय? शिकवणाऱ्याने स्वतः केलेले काम दाखवाल काय? प्रत्येक विद्यार्थ्याच्या कामाची वैयक्तिक तपासणी आठवड्यातून किती वेळा होते? मध्येच सोडल्यास फी परत मिळते काय, आणि ते लेखी द्याल काय? 'शंभर टक्के नोकरी' या शब्दांचा अर्थ काय? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळत नसतील तर तेथून उठावे.

या व्यवसायातील अस्थिरताही लपवू नये. 'लाइफ ऑफ पाय' या चित्रपटाच्या दृश्यपरिणामांना २०१३ मध्ये ऑस्कर मिळाले, त्याच महिन्यात ते काम करणाऱ्या रिदम अँड ह्यूज या अमेरिकन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. या कंपनीचा स्टुडिओ हैदराबादेतही होता. दुसरीकडे त्याच हैदराबादेत ग्रीन गोल्ड अ‍ॅनिमेशनने २००८ मध्ये सुरू केलेला 'छोटा भीम' घरोघरी पोचला. म्हणजे काम आहे, पण ते स्वतःचे कौशल्य दाखवू शकणाऱ्याला आहे. म्हणूनच पहिल्या सहा महिन्यांत कर्ज काढून फी भरू नये. विनामूल्य साधनांवर तीन छोटी कामे पूर्ण करावीत. तेवढी चिकाटी टिकली तर पुढील खर्चाचा विचार करावा.

९. बारा आठवड्यांचा आराखडा

आठवड्याला सहा तास धरून पुढील क्रम सुचवता येईल.

आठवडा १ व २ : कागदावर चेंडू व लंबक, बारा तत्त्वांची ओळख.
आठवडा ३ व ४ : सॉफ्टवेअरची मांडणी, वस्तू हलवणे, फिरवणे, लहान-मोठी करणे, फाइल जतन करण्याची शिस्त.
आठवडा ५ व ६ : उसळणारा चेंडू तीन प्रकारे, म्हणजे रबराचा, लोखंडाचा आणि फुग्याचा, गतीचा आलेख.
आठवडा ७ व ८ : निवडलेल्या मालिकेतील एक वस्तू पूर्ण करणे; प्रकाश व कॅमेरा.
आठवडा ९ व १० : तयार पात्र घेऊन चालण्याचे एक आवर्तन.
आठवडा ११ व १२ : दहा सेकंदांचे स्वतंत्र दृश्य, मातृभाषेतील शीर्षकासह, वर्गासमोर सादरीकरण.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात विद्यार्थी कुरकुर करतात : तोच चेंडू किती वेळा? त्यांना तख्तीची आठवण करून द्यावी. खुशखत शिकणारा शागिर्द महिनोन्‌महिने 'अलिफ' आणि 'बे' गिरवत असे. उस्ताद नुक्त्याचे माप धरून दाखवी आणि पुन्हा तख्ती पुसायला लावी. त्या मश्कातूनच हात तयार होत असे. चेंडू हा अ‍ॅनिमेशनचा अलिफ आहे.

मूल्यमापन करताना सॉफ्टवेअरच्या आज्ञांवर लेखी प्रश्न विचारण्यापेक्षा कामाची फाइल तपासावी. चेंडूला वजन वाटते काय, हे सांगण्यासाठी अध्यापकाला सॉफ्टवेअर येण्याची गरज नाही. डोळे पुरेसे आहेत.

समारोप

वरील विवेचनाचे सार असे : आधी पाहण्याची दृष्टी, मग एक सॉफ्टवेअर, त्याची एक ठरलेली आवृत्ती, तिच्याशी जुळणारी एक मालिका आणि तिच्या शेवटी एक पूर्ण काम. साधने मुबलक असताना विद्यार्थ्याला लागतो तो हा क्रम आणि तो सोडू न देणारे कोणीतरी. ज्या घरात फीचा प्रत्येक हप्ता मोजून भरला जातो, त्या घरातील मुलाचे एक वर्ष आणि एक रक्कम यामुळे वाचू शकते. प्रत्येक महाविद्यालयाने येत्या सत्रापूर्वी तीन गोष्टी कराव्यात : एक आवृत्ती ठरवून प्रयोगशाळेत बसवावी, ग्रंथालयात तत्त्वांचे एक पुस्तक घ्यावे आणि पन्नास शब्दांची द्विभाषिक पुस्तिका तयार करावी. ज्या अध्यापकांच्या हातून अशी पुस्तिका तयार होईल त्यांनी ती इतर महाविद्यालयांनाही पाठवावी. सारख्याच श्रमांची पुनरावृत्ती टळेल.